गाडीतली बडबड

आसावरीबाई उकिडवे मुळात अबोल. लग्न होऊन अमेरिकेत वूस्टरला आल्या तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वाटलं, हिला शिष्टपणा आहे. पुढे कळलं की शिष्टपणा वगैरे काही नाही, बाईंना बोलायचाच कंटाळा आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी उभी नोकरी रक्ताच्या नळ्यांच्या संगतीत काढली. नळ्या गप्पा मारत नाहीत, हे त्यांना मनापासून आवडायचं. अशा बाईंच्या तोंडाची टकळी सत्तरीनंतर सुरू व्हावी, आणि तीही फक्त गाडीत बसल्यावर, याचं शेजारच्या श्रूजबरीतल्या मराठी मंडळींना मोठं नवल वाटायचं. "म्हातारपणी वाचा फुटली गं तुला," असं त्यांची जुनी मैत्रीण चारुता एकदा मागच्या सीटवरून म्हणाली. आसावरीबाई नुसत्या हसल्या. खरं कारण सांगायची सोय नव्हती.

खरं कारण असं, की स्टिअरिंग श्रीरामरावांच्या हातात असायचं आणि रस्ता आसावरीबाई बघायच्या.

श्रीरामराव त्यांचे यजमान. सरकारी खात्यात पुलांचे इंजिनिअर होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग धरला. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. "समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही," असं त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं, शेजाऱ्याची तक्रार सांगावी तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ड्रायव्हिंगबद्दल विचार करायला हवा. आसावरीबाई तिथेच खुर्चीवर बसल्या होत्या. घरी आल्यावर श्रीरामरावांनी विचार केला, आणि यापुढे गाडी सावकाश चालवायची असं ठरवलं. लायसन्सचं नूतनीकरण डाग धरायच्या आधीच झालं होतं. त्या विषयावर घरात पुन्हा शब्द निघाला नाही.

मग आसावरीबाईंनी बोलायला सुरुवात केली. "लाल आहे, थांबा" असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला बायकोने असं सांगणं त्यांच्या जिभेवर येईना. त्या म्हणायच्या, "बाई बाई, या सिग्नलला किती वेळ उभं राहावं लागतं, नाही?" की श्रीरामरावांचा पाय ब्रेकवर जायचा. "सुटला एकदाचा" म्हटलं की गाडी पुढे. चौकातल्या 'स्टॉप'च्या पाटीपाशी, "इथे नेहमी पोलीस लपून बसलेला असतो हं." कोणी रस्ता ओलांडत असेल तर, "अहो, त्या बाईचा लाल कोट बघा किती छान आहे, कुत्र्यालासुद्धा तसाच घातलाय." कोटाचा रंग काहीही असो, आसावरीबाईंच्या तोंडी तो लालच यायचा, घाईत दुसरा रंग सुचायचा नाही. श्रीरामराव "हं" म्हणायचे आणि हळू व्हायचे. आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही, अशी आसावरीबाईंची खात्री होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गाडी विकायची आणि मोकळं व्हायचं. असं म्हणणारा माणूस न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी राहत असला पाहिजे. वूस्टरसारख्या मधल्या आकाराच्या गावात गाडी नसलेला माणूस म्हणजे पायात जोडा नसलेला माणूस. गाव सगळं टेकड्यांवर, दुकानं एका टोकाला, डॉक्टर दुसऱ्या टोकाला, देऊळ तिसऱ्याच गावात. फूटपाथ सुरू होतो आणि मध्येच, काही न सांगता, गवतात संपतो. हिवाळ्यात तर तो आहे की नाही तेही कळत नाही, कारण नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरचा बर्फ नेमका त्यावर आणून लोटतो. बस आहे. पण त्यांच्या ओळखीतलं कोणी बसमध्ये कधी चढलेलं नव्हतं. मंडळातल्या लोकांनी या देशात आल्यावर पहिल्या वर्षी जुनी गाडी घेतली आणि त्यानंतर बस फक्त पुढे आडवी आली की शिव्या द्यायला पाहिली.

आणि आसावरीबाईंना गाडी येत नव्हती. म्हणजे शिकल्या होत्या. शिकल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका उतारावर बर्फावरून गाडी गरगर फिरली, मागे निहार, त्यांचा मुलगा, तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. गाडी बर्फाच्या ढिगाला जाऊन टेकली, कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण घरी येऊन त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली ती ठेवलीच. "राहू दे," श्रीरामराव म्हणाले, "मी आहे ना." आणि ते खरोखरच होते. लॅबची पहाटेची पाळी असली तरी आधी उठून काचेवरचा बर्फ खरवडून, गाडी गरम करून, दाराशी उभे. या माणसाने कधी "तू का नाही शिकत?" असं टोचून विचारलं नाही. त्यामुळे त्याच्या हातून किल्ली काढून घेणं आसावरीबाईंना फार जड जात होतं.

पण माणूस थकतो. बाजार करून घरी आल्या की आसावरीबाईंच्या घशाला कोरड पडलेली असायची, खांदे भरून यायचे, आणि मान अशी आखडायची की जेवताना ताटात बघायला नको वाटायचं. श्रीरामराव मात्र ताजेतवाने. "आज काय मस्त ट्रॅफिक मिळाला!" असं म्हणत पिशव्या आत आणायचे. आपण गाडी चालवतोय आणि कौतुक दुसऱ्याचं होतंय, हेही एक होतंच. "काका या वयातही काय ड्राइव्ह करतात, यार," असं मंडळातली तरुण पोरं म्हणायची, आणि आसावरीबाई डिशमधला चिवडा चिवडत बसायच्या. अ‍ॅशबर्नहून निहारचा फोन आला की तो विचारायचा, "आई, बाबांचं ड्रायव्हिंग ओके आहे ना? Be honest." त्या म्हणायच्या, "हो रे, मी असते ना बरोबर." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग मार्चमध्ये ती गोष्ट झाली. तळ्यावरचा पूल ओलांडून ते गावात शिरत होते, आणि आसावरीबाईंना खोकला आला. साधाच, सर्दीचा. पण तो आवरेपर्यंत गाडी झेब्रा क्रॉसिंगवर गेली होती आणि एका म्हाताऱ्या माणसाने बॉनेटवर दाणकन हात आपटला होता. त्याला लागलं नाही. तो काहीतरी ओरडला, आणि जाताना त्याने आत पाहिलं ते श्रीरामरावांकडे नाही, आसावरीबाईंकडे. "कुठून उगवला हा?" श्रीरामराव म्हणाले. तो उगवला नव्हता. तो अर्ध्या रस्त्यापासून सरळ चालत येत होता, आसावरीबाईंना दिसत होता, आणि त्यांना फक्त बोलता येत नव्हतं.

त्या दिवशी त्यांना कळलं की आपण नवऱ्याचा मान राखत नव्हतो, आपण त्याच्या हातात गाडी ठेवत होतो. आपण गप्प बसलो असतो तर दोन वर्षांपूर्वी कुठेतरी एखादा खांब घासला असता, दिवा फुटला असता, आणि विषय तिथेच संपला असता. त्यांच्या बडबडीने खांब वाचवले होते आणि आता माणसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी धीर केला. "अहो, गाडीचं जरा... आता पुरे करूया का?" श्रीरामराव बशीकडे तिरकी मान करून बघत राहिले, हल्ली ते असंच कडेने बघायचे. "इतक्या वर्षांत दंडाचं एक तिकीट नाही मला," एवढंच म्हणाले. संध्याकाळी जेवले नाहीत. पोटात गॅस धरलाय म्हणाले. आसावरीबाईंनी त्यांचं पान झाकून ठेवलं आणि स्वतः जेवल्या, कारण दोघांनी उपाशी राहून डोळे सुधारणार नव्हते.

निहारला सांगितलं तर तो सरळ म्हणाला, "I'll just report it, आई. लायसन्सवाल्यांचा एक फॉर्म भरायचा असतो. They'll call him in." त्याचं चुकत नव्हतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना विमानतळावर सोडलं, नव्याने आलेल्या पोरांना आपल्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं, त्याला चोरासारखं बोलावून घ्यायचं, आणि तेही पोटच्या पोराच्या चहाडीवरून? "थोडं थांब," आसावरीबाई म्हणाल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून त्या बस शिकायला गेल्या. दुपारी श्रीरामराव झोपले की जोडे घालायचे, हमरस्त्यापर्यंत चालायचं आणि येईल त्या बसमध्ये बसायचं. तिकीट नसतं हेसुद्धा त्यांना चढल्यावर कळलं, पैसे हातात धरून उभ्या राहिल्या तेव्हा ड्रायव्हर बाई म्हणाली, "You're all set, honey." बस वेड्यावाकड्या वळणांनी, प्रत्येक हॉस्पिटल आणि प्रत्येक दुकान शिवत जायची. गाडीने बारा मिनिटांचा रस्ता तासाभरावर जायचा. बरोबर शाळेतून सुटलेली मुलं, झाडूपोछा करून परतणाऱ्या बायका, चाकांच्या खुर्चीतली माणसं. इतकी वर्षं याच गावात राहून ही माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. फार सुखाचा प्रकार नव्हता. थांब्यांवर बसायला बाक नसायचा, वारा कानात शिरायचा. पण जाता येतं, हे त्यांना कळलं. आता फक्त सांगायचं राहिलं होतं, आणि ते काही होईना. चैत्र आला.

चैत्रातलं हळदीकुंकू चारुताकडे होतं. आंब्याची डाळ, पन्हं, आणि पन्ह्याला इथल्या कैरीचा नावापुरता आंबटपणा. तिथे सलोनी भेटली. सलोनी आणि अमेय दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले, मुलगी पाच महिन्यांची. अमेय कामासाठी फ्रिस्कोला गेला होता आणि सोमवारी बाळाची लसीची अपॉइंटमेंट होती. सलोनीकडे अजून लायसन्स नव्हतं. "उबर बोलावते, पण कार सीट लावायचं जमत नाही मला एकटीला," ती म्हणाली. ती बोलत होती चारुताशी. ऐकलं श्रीरामरावांनी. बायकांच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आलेले ते एकटेच पुरुष, कोपऱ्यात डाळ खात बसले होते.

"उबर कशाला? मी आहे ना," ते म्हणाले.

"नको काका, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला. आसावरीला घरीच ठेवतो, म्हणजे तू पुढे बस, सामान मागे बाळाशेजारी. नऊला येतो."

आसावरीबाईंच्या हातातलं पन्हं तसंच राहिलं. मी पण येते, असं म्हणता आलं असतं. मागे बसून, बाळाच्या शेजारून, त्या बोलल्याही असत्या. पण त्यांच्या डोळ्यापुढे क्रॉसिंगवरचा तो म्हातारा आला आणि मग त्या जागी पाच महिन्यांचं ते बाळ आलं. तो शनिवार होता. हातात फक्त रविवार उरला होता.

रविवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे इंडियन स्टोअरला गेले. हे दुकान एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये होतं. शेजारचं मोठं दुकान कधीचंच बंद पडलेलं, त्याचं अवाढव्य पार्किंग रिकामं, डांबराला भेगा, भेगांत गवत. श्रीरामराव गाडी नेहमी त्या रिकाम्या बाजूला, अगदी टोकाला लावायचे. "चालणं होतं तेवढंच," म्हणायचे. कोथिंबीर, दही, तुरीची डाळ, गोठवलेल्या पोळ्या घेऊन ते परत आले. आसावरीबाई बसल्या, पट्टा लावला. चहूकडे नजर टाकली. कुत्रंसुद्धा नव्हतं.

गाडी सुरू झाली. आसावरीबाई गप्प बसल्या.

दर वेळी इथून निघताना त्या म्हणायच्या, "ही मधली झाडं कशाला लावलीत कोण जाणे," म्हणजे डावीकडचा सिमेंटचा कट्टा टळायचा. आज त्यांनी ओठ मिटून घेतले आणि पर्स पोटाशी धरली. गाडी माणूस चालेल इतक्या संथ निघाली. थोडी गेली. श्रीरामरावांनी मान एकदा उजवीकडे वळवली, मग डावीकडे. आणखी थोडी गेली, आणि कट्ट्याच्या बऱ्याच अलीकडे, सपाट मोकळ्या डांबरावर, उभी राहिली.

"बोल ना," श्रीरामराव म्हणाले.

आसावरीबाई बोलल्या नाहीत.

"आसावरी. बोल."

"काय बोलू?"

"रोज बोलतेस ते." त्यांची दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. "कट्टा आला का? मला कट्टा दिसत नाहीये."

आसावरीबाईंना वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला रडू येईल, किंवा सुटल्यासारखं वाटेल. त्यांना राग आला. इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. "तुम्हाला माहीत होतं?"

"जुलै महिन्यात लाल कोट कोण घालतं?"

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला, "दोन वर्षं मी घसा फोडतेय. रात्री स्वप्नातसुद्धा सिग्नल दिसतात मला. तुमचा मान जाऊ नये म्हणून मी कोटांची वर्णनं करत बसले, आणि तुम्ही नुसते हं हं करत होतात? त्या माणसाला उडवलं असतं आपण. आणि उद्या बाळाला बसवणार होतात? माझ्याशिवाय?"

"उद्या सलोनीला सांगणार होतो की समोरचं वाचून दाखव म्हणून." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की त्यांचं त्यांनाच ते कसं वाटलं हे चेहऱ्यावर दिसलं. "गाडी चालवणं बंद केलं असतं तर तू काय केलं असतंस?" ते म्हणाले. "तुला गाडी येत नाही. मी तुला म्हटलं होतं, मी आहे ना. आता काय सांगू, की मी नाही? तू त्या घरात कोंडली गेली असतीस."

"मी बसने जाते," आसावरीबाई म्हणाल्या.

"कुठल्या बसने?"

"तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा. सगळं गाव फिरून आलेय मी."

श्रीरामरावांनी कडेच्या नजरेने, तिरकी मान करून, बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी बंद केली. किल्ली काढली, तळहातावर धरली, आणि आसावरीबाईंच्या मांडीवरच्या पर्समध्ये टाकली. "गाडी इथेच राहू दे," म्हणाले. "चारुताचा नवरा येऊन नेईल."

दोघं पिशव्या घेऊन रस्त्यापर्यंत चालत आले. थांबा म्हणजे एक खांब आणि एक पाटी. रविवारची बस, तिचा भरवसा काय. श्रीरामरावांनी खिशातून फोन काढला, तोंडापाशी धरून सलोनीचं नाव घेतलं आणि फोन लागल्यावर सरळ म्हणाले, "सलोनी, उद्या मला जमणार नाही. नाही, तब्येत ठीक आहे. मला नीट दिसत नाही. बरेच दिवस झाले." पलीकडे ती काय म्हणाली ते आसावरीबाईंना ऐकू आलं नाही. "नको, न्यायला नको येऊस, तुला तरी कुठे गाडी येते?" असं म्हणून ते चक्क हसले. मग म्हणाले, "आसावरी येईल उद्या तुझ्याबरोबर, टॅक्सीने. सीट लावायला दोघी असाल." फोन ठेवला आणि रुमाल काढून डोळे पुसले. आसावरीबाईंनी दुसरीकडे बघितलं. वारा होताच, त्याच्यावर ढकलता येण्यासारखं होतं.

बस आली. श्रीरामराव पायरी चाचपत चढले. इतके पूल बांधलेल्या माणसाला बसमध्ये कुठे धरायचं ते कळेना. आसावरीबाईंनी त्यांचा हात दांडीवर ठेवला, खिडकीशी बसवलं आणि पिशव्या पायांत घेऊन शेजारी टेकल्या. बस निघाली. पुढे सिग्नल आला. लाल होता. आसावरीबाईंची जीभ टाळ्याला लागली, ओठ उघडलेसुद्धा. आणि बस आपली आपण थांबली. पुढच्या चौकात कोणी रस्ता ओलांडत होतं. त्याच्यासाठीही थांबली. त्यांनी कोटाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या चौकापर्यंत त्यांची मान श्रीरामरावांच्या खांद्यावर कलंडली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, गोठवलेल्या पोळ्यांची पिशवी पावलावर पाझरतेय याचं भान नाही.

श्रीरामराव ताठ बसून राहिले. बाहेरचं त्यांना कडेकडेने दिसत होतं, झाडं, छपरं, तळ्याची चमक. कान मात्र अजून शाबूत होते. प्रत्येक थांब्याचं नाव वरच्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांच्या घराजवळच्या रस्त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते त्यांनी नीट ऐकलं. बस थांबवायची दोरी खिडकीला लागूनच होती, हाताला लागत होती. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि बस पुढे जाऊ दिली.